गरम झाला की बंद पडणारा निसान वन-टन

मंगळवेढ्याकडच्या एका बागायतदाराचा निसान वन-टन अक्कलकोट रोडच्या आमच्या गॅरेजात आला, तेव्हा त्याचं निदान आधीच होऊन गेलं होतं. इंजिन बसलंय, काढून टाका, महिंद्राचं डीआय डिझेल घाला, असं तीन मिस्त्रींनी सांगितलेलं. आम्हीही तेच म्हटलं असतं तर मालक जुनं इंजिन भंगारात घालणार होते. गिऱ्हाईक ठरलेलं, भाव किलोवर.

तक्रार अशी होती. सकाळी गार असताना सेल्फ मारला की गाडी पहिल्या झटक्यात चालू. शेतावर, गावात रिकामी फिरवली तर काही कुरकुर नाही. सोलापूरच्या रस्त्याला लागली की बेगमपूरचा पूल ओलांडून थोडं पुढे येईपर्यंत ठीक, मग पिकअप जायचा, मिसिंग सुरू व्हायचं, आणि कुठल्या तरी चढाला गाडी बंद. अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं की पुन्हा चालू. मागे माल असला की हे लवकर व्हायचं, रात्री दिवे लावून निघालं तरी लवकर. कॉइल, प्लग, कंडेन्सर, पॉइंट सगळं बदलून झालं होतं. रात्रीची गोष्ट मालकांनी सहज बोलता बोलता सांगितली, पण पुढे सगळ्यात कामाला आली ती तीच.

गाडीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण नव्या पोरांना जोंगा, म्हणजे फौजेची मोठी जीप, माहीत असते, वन-टन माहीत नसतो. जबलपूरचा वाहन कारखाना १९६९ चा. तिथे निसानच्या परवान्याने फौजेसाठी जोंगा आणि एक टनी पिकअप अशा दोन गाड्या बनत, शक्तिमान ट्रक वेगळा. जोंगा आणि वन-टन दोन्हींना एकच पेट्रोल इंजिन: सहा सिलिंडर ओळीत, ३,९५६ सीसी, बोअर ८५.७ मिलिमीटर आणि स्ट्रोक ११४.३. स्ट्रोक लांब असल्यामुळे हे इंजिन पळत नाही, ओढतं. लिटरला चार-पाच किलोमीटर देतं आणि त्याबद्दल त्याला लाज वाटत नाही. ही गाडी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. मालकांच्या वडिलांनी ती फौजेच्या लिलावातून घेतली आणि मार्केट यार्डात कांदा न्यायला, शेतात उसाचं बेणं पोचवायला वापरली. म्हणजे फौजेत झाली त्यापेक्षा जास्त नोकरी तिची आमच्या जिल्ह्यात झाली.

आणि खरी भानगड याच नोकरीत झालेली. फौजेची गाडी गावात आली की तिच्यावर दुरुस्त्यांचे थर चढत जातात. मूळ सामान मिळत नाही म्हणून एकजण जवळचं काही बसवतो, दुसरा त्याला जुळवून आणखी काही. प्रत्येकाचं काम त्या दिवशी बरोबरच असतं, कारण गाडी त्या दिवशी चालू होते. पन्नास वर्षांनी समोर उभी राहते ती गाडी कमी आणि दुरुस्त्यांची चवड जास्त. म्हणून अशा गाडीवर काम करताना आमचा क्रम ठरलेला आहे: आधी जुनी दुरुस्ती उलगडायची, मग गाडी दुरुस्त करायची.

इंजिनाला फाशीची शिक्षा झालेली असल्यामुळे सुरुवात तिथून केली. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन घेतलं. पाच सिलिंडर ११० ते ११५ पीएसआय, चौथा १०४. चौथ्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा घेतलं तर थोडा वर आला, म्हणजे रिंगा थोड्या झिजलेल्या, बाकी काही नाही. मग मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिनाची ओढ मोजणारा मीटर, लावलं. काटा १७ इंचांवर, आणि स्थिर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पुस्तकातल्या आकड्यापेक्षा इथे इंच-दीड इंच कमीच येतो. इथल्या हिशेबाने १७ हा चांगला आकडा. व्हॉल्व गळत असता तर काटा ठरावीक ठेक्यात खाली आपटला असता. व्हॅक्यूम गेज ही हजार-बाराशेची वस्तू आहे. ती न लावता ज्यांनी हे इंजिन बाद केलं, त्यांच्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही.

इंजिन धडधाकट निघालं, तेव्हा उरलं पेट्रोल आणि करंट. दोन्हींची लक्षणं सारखी दिसतात, म्हणून एकाला बाजूला काढल्याशिवाय दुसऱ्याचं काही कळत नाही. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाच्या खाली काचेची वाटी असते. गाडी चालू करून वाटीवर टॉर्च धरला तर पेट्रोलबरोबर बारीक बुडबुड्यांची माळ येत होती. गाडी गरम झाल्यावर पेट्रोल उकळून बुडबुडे येणं समजू शकतो, त्यालाच व्हेपर लॉक म्हणतात. पण हे बुडबुडे इंजिन गार असतानाही येत होते. म्हणजे वाफ नव्हे, हवा. पंपाच्या अलीकडच्या बाजूला ओढ असते; तिथे रबराला चीर पडली तर पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते. त्यामुळे खाली कुठेच ओल दिसत नाही आणि बघणारा पुढे सरकतो.

आम्ही टाकीच हिशेबातून बाजूला काढली. पाच लिटरचा स्वच्छ डबा हौद्यात घट्ट बांधला आणि तिथून नवी नळी थेट पंपाला जोडली. आग विझवायचं सिलिंडर शेजारी ठेवून, हौद्यात वाळूची पोती भरून गाडी तुळजापूरच्या रस्त्याला नेली. भर दुपार, एप्रिल. गाडी बंद पडली नाही. पण घाट चढताना मिसिंग मात्र होतंच, आधीपेक्षा कमी. आमच्या हाताखालचा पोरगा हिरमुसला. मला मात्र तिथेच हायसं वाटलं. एक दोष दोन कामं करत नव्हता, दोन दोष एकमेकांच्या आड उभे होते. आधीच्या प्रत्येक मिस्त्रीने एकाला हात लावला, दुसऱ्याने गाडी बंद पाडली, आणि केलेलं काम फुकट गेलं असं सगळ्यांना वाटलं.

परत आल्यावर चेसिसच्या पाइपापासून पंपापर्यंतची जुनी रबरी नळी काढली आणि ब्लेडने उभी चिरली. बाहेरून ती नवी दिसत होती, वर्ष-दोन वर्षांपूर्वीच टाकलेली. आत मात्र रबराचा अस्तर सुटलेला, फुगलेला, आणि एका ठिकाणी अंगठ्याच्या नखाएवढी जीभ उभी राहिलेली. गाडी रिकामी चालली की पेट्रोलची ओढ कमी, जीभ आडवी पडून राहायची. भार आला, ओढ वाढली की ती उचलली जाऊन नळीचं तोंडच बंद करायची. जोडाशी जिथे क्लिप आवळली होती तिथे केसाएवढी चीर, हवा तिथून. काचेच्या वाटीच्या तळाशी काळी बारीक भुकटी होती, ती याच अस्तराची.

हे रबर इतक्या लवकर कसं गेलं? पेट्रोल पंपांवर २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे झालं. जुन्या पद्धतीचं साधं रबर, पंपाचे जुने डायाफ्रॅम, कॉर्कची पॅकिंग यांना इथेनॉल मानवत नाही. ते फुगतात, मऊ होतात, सुटतात. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकीत वर्षानुवर्षं चिकटून बसलेला मळ सोडवून पुढे पाठवतं. मालकांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ नळीकडे बघत होते. मग म्हणाले, “म्हंजे आमचाच ऊस कारखान्याला जाऊन आमच्याच टाकीत आला की वो!” जिल्ह्यात साखर कारखान्यांची आणि त्यांच्या डिस्टिलऱ्यांची दाटी बघता त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

सगळ्या नळ्या बदलल्या. त्या घेताना दुकानात ‘पेट्रोल पाइप द्या’ एवढं म्हणून चालत नाही. एफकेएम रबराची, ज्याला लोक व्हायटॉन म्हणतात ती मागायची, आणि नळीवर छापलेलं वाचून घ्यायचं. ती साध्या नळीच्या कितीतरी पट महाग मिळते, पण अख्ख्या गाडीला लागते दीड-दोन मीटर. पंपाचा डायाफ्रॅमही इथेनॉलला टिकणारा घातला. टाकी उतरवून आतून धुतली, पंपाच्या अलीकडे एक मोठा फिल्टर टाकला.

चेसिसखाली झोपल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. कुणीतरी सायलेन्सरचा पाइप नवा वळवून घेताना तो पेट्रोलच्या लोखंडी नळीपासून जेमतेम दोन बोटांवर आणला होता, आणि नळी तारेने बांधून टाकली होती. चेसिसच्या दुसऱ्या बाजूला मूळ क्लिपांची भोकं ओळीने रिकामी होती, मळाने बुजलेली. पेचकसाने ती साफ केली आणि नळी जिथे जबलपूरला बसवली गेली होती तिथेच परत बसवली. कुठलंही मॅन्युअल लागलं नाही. इथेनॉल ७८ अंशाला उकळतं, आणि मेच्या उन्हात सोलापुरात सायलेन्सरशेजारच्या नळीला तेवढं तापमान गाठायला फार कष्ट पडत नाहीत. सापडली ती चीर नसती तरी उन्हाळ्यात या नळीने गाडी अडवलीच असती.

आता दुसरा दोष. गाडी २४ व्होल्टची, १२-१२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. मूळ कॉइल कधीतरी गेली, २४ ची मिळाली नाही, म्हणून कुणा वायरमनने १२ व्होल्टची कॉइल घातली आणि तिला करंट दिला तो दोन बॅटऱ्यांच्या मधून, म्हणजे फक्त खालच्या बॅटरीवरून. सोय झाली म्हणून पुढे हॉर्न, दिवे, पंखा, मोबाइलचं चार्जिंग, सगळं त्याच वायरवर चढत गेलं. ट्रॅक्टर-ट्रकवाल्यांकडे ही मधली टॅप सर्रास दिसते आणि ती गाडीला हळूहळू मारते. चार्जिंग दोन्ही बॅटऱ्यांतून सारखंच वाहतं, खर्च मात्र एकीचाच. खालची उपाशी राहते, वरची अजीर्णाने उकळते. ऑल्टरनेटरला दोन्हींची बेरीज २८ व्होल्ट दिसते, त्यामुळे तो खूश.

मीटर लावून दिवे चालू केले आणि गाडी थोडा वेळ रेस ठेवली. बेरीज २८, पण वरच्या बॅटरीवर १६.८ आणि खालच्या बॅटरीवर ११.२. कॉइलच्या टोकाला तर, जुन्या वायरीतली आणि गंजलेल्या जोडांतली घट जाऊन, ९.८. वरच्या बॅटरीचं झाकण उघडलं तर प्लेटा उघड्या पडलेल्या, पाणी उकळून गेलेलं. रिकाम्या गाडीला एवढ्या व्होल्टवर ठिणगी पुरते, भाराखाली सिलिंडरात दाब वाढला की पुरत नाही. रात्री दिवे लावल्यावर लवकर बंद का पडते आणि अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू का होते, दोन्हींचं उत्तर एकाच मीटरवर होतं. सेल्फ मात्र दोन्ही बॅटऱ्यांवर फिरत असल्यामुळे कायम जोरात फिरायचा, म्हणून बॅटरीवर कुणाचा संशयच गेला नाही.

उपाय दोन होते: सगळी गाडी १२ व्होल्टची करायची, किंवा २४ ठेवून कन्व्हर्टर घालायचा. बारा करायची म्हणजे सेल्फ, ऑल्टरनेटर, मीटर, सगळंच बदलायचं, आणि पुन्हा एक नवा थर चढवायचा. बस-ट्रकमध्ये टेपसाठी घालतात तो २४ ते १२ चा कन्व्हर्टर इथे कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. तो सीटखाली बसवला, दोन्ही बॅटऱ्यांच्या पूर्ण जोडीवर घेतला आणि १२ चं सगळं त्याच्यावर टाकलं. मधली टॅप कापली. बॅटऱ्या जोडीनेच नव्या घेतल्या. एक जुनी एक नवी असं केलं तर तोच खेळ दुसऱ्या रीतीने सुरू होतो. इंजिन ते चेसिस अशी जाड अर्थची पट्टी घातली. पुढे मूळ कॉइल मिळाली तर कन्व्हर्टर चार बोल्ट काढून बाहेर.

यानंतर गाडी घाट चढली. प्लग मात्र काढले तर पांढरट, म्हणजे मिश्रण फिकं. याचंही कारण तेच पेट्रोल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा. कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या तोटीतून, जुन्या मापानेच इंधन येणार, म्हणून त्याच हवेला सात-आठ टक्के इंधन कमी पडतं. जेटचा व्यास तीन-चार टक्क्यांनी वाढवला की हिशेब जुळतो. मूळ जेटला रीमर लावून भोक मोठं करायला मी तयार नव्हतो. ते परत मिळत नाही. लेथवर पितळेचं दुसरं करून घेतलं आणि मूळ जेट चिठ्ठी लावून डबीत मालकांच्या हवाली केलं.

काही कामं मुद्दाम केली नाहीत. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. जुन्या इंजिनांत शिसं व्हॉल्वच्या सीटला गादीसारखं काम करायचं, ते गेल्यावर सीट खोल झिजू शकते. म्हणून हेड उतरवून कडक सीट घाला असं सुचवणारे भेटतात. ही गाडी ताशी पन्नासच्या वर जात नाही, कॉम्प्रेशन चांगलं आहे. हेड उतरवायचं म्हणजे पन्नास वर्षांचे स्टड तुटायची जोखीम. टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्वपाशी ठेवलेली फट, दर वेळी लिहून ठेवायचा. तो पुन्हापुन्हा कमी होताना दिसला तर मग हेड. चौथ्या सिलिंडरच्या रिंगांनाही हाच न्याय.

ब्रेक मात्र पूर्ण उघडले. मास्टर सिलिंडरची रबरं फुगून चिकटली होती, कुणीतरी ब्रेक ऑइलऐवजी भलतंच तेल ओतल्याशिवाय असं होत नाही. सगळ्या लाइनी धुतल्या, व्हील सिलिंडरना स्टीलच्या स्लीव्ह मारल्या, किट नवी. रंगाच्या आधी ब्रेक, हे सांगावं लागतं ही खेदाची गोष्ट आहे, पण लागतं.

रंगावरून आठवलं. मालकांना गाडी फौजेच्या हिरव्या रंगात हवी होती, बाजूला फौजी नंबरासारखे बाण आणि आकडे लिहून. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय कुणाला लावता येत नाही. बाणाचा नंबर तर लांबच राहिला. ते नाराज झाले, मग मातकट वाळूचा रंग घेतला. तो या गाडीला जास्त शोभतो असं माझं मत, आणि धूळही कमी दिसते.

डिझेलला नकार देण्याचं कागदी कारणही होतं. जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नवीन नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको. आणि अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. या गाडीची मुलकी नोंदणी लिलावानंतरची, ऐंशीच्या दशकातली. त्या तारखेपासून पन्नास वर्षं व्हायला अजून अवकाश आहे, आणि मालकांना ती अधूनमधून शेतावर हवीच आहे. तेव्हा सध्या एमएच १३ च्या, म्हणजे सोलापूरच्या आरटीओ कार्यालयात नेहमीचं नूतनीकरण, पर्यावरण कर भरून, पाच वर्षांसाठी. मूळ इंजिन जागेवर असल्यामुळे पुढे ‘व्हीए’चा अर्ज करता येईल. डिझेल घातलं असतं तर तो रस्ताच बंद झाला असता, आणि वन-टन म्हणून तिची जी किंमत आहे तीही गेली असती.

खर्चाचा मोठा वाटा ब्रेक आणि रंगाने खाल्ला. ज्या दोन दोषांनी गाडी भंगारात निघाली होती, त्यांचं सामान बॅटऱ्या सोडल्या तर डिझेल इंजिनाच्या बयाण्यापेक्षाही कमी निघालं.

देखभालीला मालकांना कागदावर लिहून दिलं आहे. पंधरवड्यातून एकदा गाडी उभ्या उभ्या रेस न करता निदान तासभर भाराने चालवायची. भरलेलं पेट्रोल दीड-दोन महिन्यांत संपवायचं, आणि गाडी उभीच राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवायची नाही, कारण रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं आणि इथेनॉल ते पितं. पावसाळ्याआधी आणि नंतर काचेची वाटी उघडून तळ बघायचा. काळी भुकटी दिसली की नळी गेली. बॅटऱ्यांचे व्होल्ट वेगवेगळे मोजायचे, दोघींत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला की फोन. रेडिएटरला बोअरचं पाणी नको, आपल्याकडचं जड पाणी वर्षभरात नळ्या बुजवतं. डिस्टिल्ड आणि कूलंट. पाटे, क्रॉस, किंगपिन यांच्या निपलांना ग्रीस, आणि नाल्यातून गाडी काढली असेल तर त्याच आठवड्यात.

गाडीने मागचा उन्हाळा मंगळवेढा-सोलापूर असा काढला. ट्रान्स्फर केसचं पुढचं ऑइल सील अजून गळतं. मापाचं सील दिल्लीच्या मायापुरीतल्या एका जोंगावाल्याकडून मागवलं आहे. ते आलं की उसाची तोड संपल्यावर गाडी पुन्हा आमच्याकडे येणार आहे.